तुक्याच्या गळ्यातली बाई

आधीच सांगून टाकते, तुक्याच्या बाबतीत मी पहिल्या दिवशी जी माती खाल्ली, ती आठवली की अजून मशीनवरचा पाय थांबतो आणि मी एकटीच खुदखुदत बसते. समोरचा भजीवाला विचारतो, मावशी काय झालं? त्याला काय सांगू, तोही होता की त्या दिवशी.

गंजाडच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. माहेर बोर्डीकडचं, समुद्राकाठचं, पण आता इकडे रानात येऊन इतकी वर्षं झाली की मासळी विकत घेताना मीही घासाघीस करायला लागले. तर एका सीझनला धनेशच्या बँडची ऑर्डर आली. बँड म्हणजे वाजंत्री नव्हे हां. आमच्याकडे हळदीला, लग्नाला टेम्पोभर स्पीकर घेऊन येतात, कीबोर्ड, ढोल, गाणारे, त्याला आम्ही बँड म्हणतो. धनेश त्याचा मालक, कीबोर्डही तोच वाजवतो. सगळ्यांना जांभळे चमचमते शर्ट हवे होते, कॉलरला सोनेरी पट्टी. मी मापं घेतली. त्यातला एक इतका किडकिडीत की टेप गुंडाळल्यावर मला वाटलं मी खांबाचं माप घेतेय. मिशी अशी, जशा दोन मुंग्या ओठावरून समोरासमोर आल्यात आणि कोण बाजूला होणार म्हणून थांबल्यात.

सगळं झाल्यावर मी विचारलं, आणि तुमच्या त्या बाईचं काय? कारण या बँडची एक बाई सगळ्या तालुक्यात गाजत होती. कुठल्याही जीपमध्ये बसा, तिचाच आवाज. लाडिक, उंच, मधेच असा हलकासा तुटणारा की बाप्यांच्या माना वळतात. मी तिला कधी बघितलं नव्हतं, पण मनात पूर्ण चित्र तयार होतं. लांब काजळ, पाठ उघडी, आणि नजर दुसऱ्याच्या नवऱ्यावर.

तो किडकिडीत बोलला, "तिला ब्लाऊज लागत नाय मावशी."

मी कात्री खाली ठेवली. मग मी जी काय सुरू झाले, विचारू नका. बाईमाणसाची लाज काढता, पोटासाठी काय वाट्टेल ते करायला लावता, तुमच्या घरात आयाबहिणी नाहीत का. तो मान खाली घालून ऐकत होता. बाकीचे दुकानाबाहेर पोट धरून वाकले होते, मला वाटलं शरमेने वाकलेत. शेवटी मी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा त्याने जमिनीकडे बघितलं आणि गायला सुरुवात केली. तोच आवाज. त्या मुंग्यांच्या खालून ती बाई बाहेर आली. भजीवाला झारा हातात घेऊन दुकानात डोकावला, बाई कुठे म्हणून.

तर हा तुक्या. तिला ब्लाऊज लागत नाही, खरंच होतं त्याचं.

तो गंजाडच्याच एका पाड्यातला. दिवसा चिकूच्या वाडीत कामाला, लग्नाच्या दिवसांत बँडमध्ये. आधी नुसता खुळखुळा वाजवायचा. बँडची खरी गाणारी बाई लग्न करून सिल्वासाकडे गेली, दुसऱ्या दिवशी हळद ठरलेली, धनेश डोकं धरून बसला. तेव्हा तुक्या बोलला मी बघतो. बघतो बघतो करता तेच त्याचं काम झालं. गाताना स्पीकरच्या बाजूला उभा राहणार, एक हात खिशात, नजर जमिनीवर. मी विचारलं होतं, लोकांकडे का बघत नाहीस रे? तर म्हणे, लोक माझ्याकडे बघतायत हे दिसलं की मी बाप्या होतो.

त्याची बायको जमना, तिचं तर वेगळंच. बँडच्या नंबरवर फोन यायचे, मॅडमशी बोलायचंय. उंबरगावकडच्या एकाने मॅडमसाठी सुके बोंबील पाठवले होते. जमनाने ते भाजले, नवऱ्याला वाढले आणि बोलली, तुझ्या चाहत्याला सांग पुढच्या वेळी कोळंबी पाठव.

आता एखादं गाणं एवढं पसरायचं कसं ते सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यातच आहे. आमच्या भागात स्टुडिओतलं गाणं कुणाला गोड लागत नाही. लाईव्ह पाहिजे. म्हणजे एखाद्या मांडवात बँड वाजत असताना मिक्सरवरूनच रेकॉर्डिंग घ्यायचं, मग ते पेनड्राईव्हवर, तिथून जीपवाल्याच्या मेमरी कार्डावर, तिथून सगळ्यांच्या मोबाईलवर. त्यात कुणाचा तरी मामा जेवायला बसा म्हणून ओरडतो, कुत्रं भुंकतं, जनरेटर खोकतो. ते सगळं असेल तरच गोड. लोक ऐकून ओळखतात, हे रानशेतच्या लग्नातलं, बघ तो प्रविण कसा शिट्टी मारतोय.

आणि सगळ्यात चालायचं ते खलाशाच्या बायकोचं गाणं. मोठं आहे, गोष्टच आहे ती. तलासरी-डहाणूचे कितीतरी पुरुष गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पाऊस सरला की जायचे ते वैशाखापर्यंत तोंड दिसत नाही. गाण्यातली बाई अशाच एका खलाशाची. ती स्वतःच सांगते की नवरा दर्यावर गेला, मी एकटी, एक गाडीवाला दारात थांबायला लागला, आणि एक दिवस मी गाडीत बसले. पहिल्याच ओळीत ती आपलं गाव आणि नाव सांगते. आता गंमत अशी की ते नाव ठरलेलं नाही. मांडवात कुणीतरी पुढे येऊन सांगायचं, अमकीचं नाव टाक. नवऱ्याची मेहुणी, मित्राची बायको, जिला चिडवायचं तिचं. नाव पडलं की मांडवात नुसता कल्ला, ती लाजून पळते, चार जणी तिला ओढून परत आणतात. सकाळी मांडव उतरला की नावही उतरलं. कोणी मनात ठेवत नाही. माझंही पडलंय एकदा, आणि मी लाजले नव्हते, हे मी कबूल करते.

सायवनला सुनिल म्हणून एकाच्या लग्नात नाव पडलं चंद्रिकाचं. सुनिलची मामेबहीण, तेव्हा बारावीला होती, आता कंपनीत जाते. कुणी दुसऱ्याने नाही, तिनेच धावत येऊन तुक्याला सांगितलं होतं की माझं टाका. पोरीची हौस. आणि तुक्या गायला:

"सायवनची मी चंद्रिका गं, नवरा गेला दर्याला,
घरात दिवा लावू कुणाला, गाडी थांबली दाराला."

त्या दिवशी कसं कोण जाणे, सगळंच जमून आलं. जनरेटर खोकला नाही, कुत्रंही सुरात भुंकलं म्हणा ना. तुक्याच्या गळ्यात ती बाई अशी उतरली की आधीची सगळी रेकॉर्डिंग लोकांनी पुसून टाकली. खलाशाचं गाणं म्हणजे चंद्रिकावालं, असंच नाव पडलं त्याला.

मग पोरीचं लग्न ठरलं. मनिष, तलासरीच्या अलीकडच्या एका पाड्यातला. आणि मनिष कोण? खलाशी.

मला कळलं ते चंद्रिका दुकानात आली तेव्हा. लग्नाच्या ब्लाऊजांची कापडं तिची आई जयश्री आधीच देऊन गेली होती. पोरगी दारात उभी राहिली आणि बोलली, मावशी, कापड कापू नका इतक्यात. मी आपली नेहमीसारखी सुरू झाले, का गं, जाडी होणारेस का तोपर्यंत? तिचं तोंड बघितलं आणि माझीच जीभ आत गेली. हळूहळू सांगितलं तिने. मनिषच्या पाड्यात जीप आली की चंद्रिकावालं लागतं. लोक त्याच्या आईला, सोनीबाईला, विचारतात, सून आधीच सांगून टाकतेय गं तुझी, ऐकलंस का? अर्ध्या लोकांना तर वाटतं की गाणारी चंद्रिकाच आहे. आवाज बाईचा, नाव तिचं, गाव तिचं. पोराला दर्यावर फोन लागत नव्हता. आणि सोनीबाईने निरोप धाडला होता, मनिष येईपर्यंत थांबा, मग बघू. आमच्याकडे मग बघू म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं.

"मीच सांगितलं होतं ना नाव टाकायला," चंद्रिका बोलली. "आता कुणाशी भांडू?"

तिला कुणाशी भांडता येत नव्हतं, पण मला येतं. मी तुक्याला बोलावून घेतलं. जुन्या जांभळ्या शर्टाचं बटण तुटलं होतं तेच निमित्त झालं. मी सगळं सुनावलं. तो काहीतरी बोलला ते घोगरं, अर्धं हवेतच विरलं. मी म्हटलं, काय रे, मोठा कलाकार झालास, आता आम्हाला आवाजसुद्धा मोजून देणार?

तो स्टुलावर बसला. मग त्याने जे सांगितलं, ते जमनाला आणि धनेशला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. त्याचा गळा गेला होता. दोन सीझन झाले. दवाखान्यात दाखवलं, आवाजाच्या दोऱ्यांवर गाठी आल्यात म्हणे, इतकी वर्षं चुकीच्या जागेवरून आवाज ओढल्यामुळे. गाणं बंद, बोलणंही कमी, नाहीतर आहे तेही जाईल. पण बाईशिवाय बँड कोण बोलावणार? म्हणून धनेश मिक्सरला पेनड्राईव्ह लावायचा आणि तुक्या माईक धरून नुसते ओठ हलवायचा. ढोल खरा, कीबोर्ड खरा, बाई जुनी.

आणि पेनड्राईव्हवर कुठलं रेकॉर्डिंग? तेच. सुनिलच्या लग्नातलं. सगळ्यात स्वच्छ तेच होतं ना. म्हणजे ज्या ज्या गावात बँड गेला, तिथे तिथे त्या पोरीचं नाव पुन्हा पडत गेलं, आणि सकाळी उतरलं नाही.

मी विचारलं, इतक्यांदा ओठ हलवलेस, नाव ऐकू नाही आलं तुला?

"ओठ हलवताना शब्द ऐकू येत नाय मावशी," तो बोलला. "श्वास कुठे घेतला होता तेवढंच बघायचं असतं."

मला त्याला चिडवायला एरवी कारण लागत नाही. त्या दिवशी मी नुसता सुईत दोरा ओवला आणि त्याचं बटण लावायला घेतलं.

आम्ही दोघांनी ठरवलं की सोनीबाईकडे जायचं. तो समोर बसून गाईल, तिला दिसेल की आवाज बाईचा नाही, तुक्याचा आहे, संपला विषय. त्याला मी सांगितलं, चांगले कपडे घालून ये, तर हा माझाच जांभळा शर्ट घालून आला, भर उन्हात चमकत. इको गाडीत माझ्या बाजूला बसला, गळ्याला पंचा गुंडाळून, आठवडाभर गप्प राहिलेला. कोमट पाण्याची बाटली जमनाने दिली होती, ती मांडीवर बाळासारखी धरून.

सोनीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. माझ्याच वयाची, पण हाडाने मजबूत. तिने आम्हाला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि बोलली, गा.

तो जमिनीकडे बघून उभा राहिला. पहिली ओळ अर्ध्यापर्यंत गेली. खरंच गेली, मी ऐकली, तीच बाई होती. मग वरच्या जागेवर काहीतरी फाटलं. जुनी चादर धुताना फाटते ना, तसं. कोंबड्या पळाल्या. कुडाच्या पलीकडून शेजारणी बघत होत्या, त्या हसल्या. त्याने पाणी पिऊन पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा तर नुसती हवा आली.

सोनीबाई हसली नाही. ती बोलली, हा आवाज नाय. ज्या बाईने गायलंय तिला आणा. मग फुलं पसरता पसरता माझ्याकडे वळली. तिचा नवराही खलाशी होता. बोलली, पोरगी वाईट आहे असं मी कधी बोलले नाही. पण बोटीवाल्याच्या बायकोच्या दाराकडे सगळा पाडा बघत असतो. कोण आलं, किती वेळ बसलं. मी सगळी जवानी त्या नजरेखाली काढली, आणि माझ्यावर तर कुणी गाणंसुद्धा केलं नव्हतं. हिच्यावर आधीच आहे. ही कशी राहील या घरात?

मी चहाचा कप उपडा ठेवला आणि पदर झटकून उठले.

परत येताना तुक्या खिडकीबाहेर बघत होता. मग त्याने कॉलरचं बटण काढलं आणि घोगऱ्या आवाजात बोलला, "कॉलर आवळते मावशी. तिथेच अडकला आवाज."

मला असा राग आला. कपाळ फुटलं ते फुटलं, आता दोष माझ्या शिलाईला? मी म्हटलं, या हातांनी अख्ख्या तालुक्याचे गळे शिवलेत, एकाचा आवळला नाही. तो बोलला, माझा आवळला. मी म्हटलं, साडेचौदा माप आहे तुझं, मला तोंडपाठ आहे. तो बोलला, माप असेल, कॉलर नाय. असं करत करत गंजाड आलं. त्याचे डोळे भरले होते हे मी बघितलं होतं, म्हणून तर भांडत राहिले. गप्प बसले असते तर दोघंही रडलो असतो.

पुढच्याच महिन्यात सोनीबाईच्या दिराच्या मुलीची, लाडकीची हळद होती. त्याच पाड्यात, आणि बँड धनेशचा. लाडकीचा ब्लाऊज ऐन वेळी घट्ट झाला म्हणून मला बोलावलेलं, त्यामुळे मी तिथे होते. नाहीतर म्हणाल मावशी सगळीकडे कशी पोचते.

धनेशने तुक्याला टेम्पोमागे नेऊन आधीच विनवलं होतं. चंद्रिकावालं आज नको लावू या, दुसरी गाणी लावू, पण पेनड्राईव्हचं तोंडातून काढू नकोस. त्याचंही पोट होतं, ढोलवाल्याचंही होतं. वाईट माणूस नाही धनेश. तुक्याने मान हलवली होती.

पण मांडव काय धनेशचं ऐकतो? दिवस कलला, नाचायला गर्दी झाली आणि पोरं ओरडायला लागली, चंद्रिकावालं लाव, चंद्रिकावालं. धनेशने दोन गाणी दुसरी लावून बघितली. कुणी नाचेना. शेवटी त्याने तुक्याकडे न बघता बटण दाबलं.

सोनीबाई पाण्याच्या पिंपाजवळ बसली होती. सायवनची मी चंद्रिका गं, असं सुरू झालं आणि गर्दीतून कुणीतरी हाक दिली, सोनीबाई, सून आली गं तुझी. सगळा मांडव हसला. सोनीबाईने पदर सारखा केला आणि पेला घेऊन पाणी प्यायली. नुसती पीतच राहिली. पेला कधीच रिकामा झाला होता.

तुक्या एरवी जमिनीकडे बघतो. त्या दिवशी त्याने मान वर केली होती. त्याने ते बघितलं. ओठ हलत होते, चंद्रिका गात होती, आणि त्याने हात लांब करून मिक्सरचा पेनड्राईव्ह उपटला.

ढोल आणखी दोन थापा वाजला आणि थांबला. याचे ओठ उघडेच.

मग माईकवर त्याचा खरा आवाज आला, खरखरीत. "ही चंद्रिका नाय गात. हा मी आहे. माझा गळा गेलाय, तुम्हाला जुनं वाजवून दाखवतो. त्या पोरीने हौसेने नाव सांगितलं, मी टाकलं. आता मीच काढतो."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. फसवलं, फसवलं म्हणून आरडाओरड झाली, एक प्लास्टिकची खुर्ची येऊन स्पीकरवर आदळली. लाडकीचा बाप हळदीचे हात घेऊन धावत आला. धनेश कीबोर्डवर दोन्ही हात ठेवून खाली बघत होता, वाजवत नव्हता. आणि या सगळ्यात आमचे महाशय माईकमध्ये काय बोलावे? "थांबा, आधी कॉलरचं बटण काढतो. गंजाडच्या शिलाईवाल्या अंबू मावशीने गळा आवळलाय माझा."

लोक हसले. जे मोबाईल खाली होते ते वर आले. मला मांडवाच्या खांबामागे जावं लागलं.

आणि तो गायला. कीबोर्ड नाही, ढोल नाही. फुटक्या आवाजात, बाईचा प्रयत्नसुद्धा न करता.

"गंजाडचा मी तुक्या गं, नवरा गेला दर्याला..."

मांडव फुटला हसून. मिशीवाला माणूस स्वतःच्या नवऱ्याची वाट बघतोय. पोरं शिट्ट्या मारत होती, बायका तोंडाला पदर लावत होत्या. तो गात राहिला. गाडी आली, तुक्या गाडीत बसला, तुक्याने मागे वळून बघितलं. जीपवाले रेकॉर्डिंग नेहमी इथेच तोडतात, पुढे नाचायचं काही नसतं म्हणून. त्यामुळे त्या गर्दीतल्या निम्म्या पोरांनी शेवटचं कडवं आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यात ती बाई गप्प होते आणि गोष्ट खलाशाची होते.

"आला दर्याचा धनी गं, दाराला बघून कुलूप,
बांगड्या कडीला बांधल्या, उभा राहिला गुपचूप."

ती ओळ त्या फाटक्या आवाजात जशी बसली, तशी त्या लाडिक आवाजात कधी बसली नव्हती. मी हे त्याला अजून सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल. हसणं कुठे थांबलं कळलं नाही. सोनीबाईने पेला खाली ठेवला होता.

त्यानंतर बँड वाजला नाही. लाडकीच्या बापाने कुणाच्या तरी टेम्पोतली गाणी लावली. धनेशने सामान भरलं आणि तुक्याला न घेताच टेम्पो निघाला. तुक्या, मी आणि माझी शिलाईची पिशवी, असे आम्ही नाक्यापर्यंत चालत आलो. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं रागावलाय. नंतर कळलं, बोलताच येत नव्हतं.

मोबाईलवर त्या दिवशी जे घेतलं गेलं, ते आठवड्याभरात सगळीकडे. तुक्यावालं म्हणतात त्याला. जीपमध्ये लागतं, लोक हसतात, शेवटपर्यंत ऐकतात. पण चंद्रिकावालंही गेलेलं नाही हां. उंबरगावकडच्या गाड्यांत अजून लागतं. एकदा मेमरी कार्डात गेलेलं कोण परत आणणार?

धनेशच्या दोन ऑर्डरी गेल्या, मग त्याने सरळ सांगून टाकलं की आमच्याकडे बाई नाही, बाप्याचीच गाणी मिळतील. तुक्याला परत बोलावलं नाही. समोरून गेला तर मान फिरवत नाही, एवढंच. तुक्या पूर्ण वेळ चिकूच्या वाडीत लागला. दवाखान्यात त्याला सांगितलंय, पावसाळाभर एक शब्द बोलायचा नाही. मग बोलण्यापुरता आवाज कदाचित येईल. ती बाई येणार नाही. जमना मला बोलली, घर एवढं गप्प झालंय मावशी, भांडायला पण कुणी नाय. आणि मग बोलली, रात्री झोपेत त्याचे ओठ हलतात.

सोनीबाई एक दिवस दुकानात आली. चंद्रिकाची आई जयश्री बरोबर. कुणी कुणाची माफी मागितली नाही, तसलं काही झालं नाही. सोनीबाईने माझ्या फळीवरचं चंद्रिकाचं कापड स्वतः खाली काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी विचारलं, कापू? ती बोलली, काप. अजून वाजतंय ते, वाजू दे. माझ्या दाराकडे पण बघतच होते, मी राहिले ना. हिला एकटीला नाय राहायचं, मी आहे घरात.

वैशाखात मनिष आला. त्याला सगळे घाबरत घाबरत सांगायला गेले, तर तो बोलला, मला माहीत आहे, बोटीवर सगळा सीझन तेच लावत होतो. दर्यावर फोन लागत नाय. तिचं नाव तेवढं ऐकायला मिळायचं. आता बोला. लग्न झालं, पोरगी त्या घरात गेली. पाऊस सरल्यावर तो परत बोटीवर जाईल, तेव्हा काय ते खरं कळेल. मी काही ज्योतिषी नाही.

पण माझं काय? माझा कुणी विचार केला? तुक्यावाल्यात माझं नाव आहे, दुकानासकट. अख्ख्या तालुक्यातल्या बायका ब्लाऊज टाकायला येतात आणि हसत सांगतात, मावशी, गळा सैल ठेवा हां, आमचा आवाज जायचा. काल एक तर डहाणू स्टेशनहून आली, फक्त मला बघायला. एका ओळीने माणसाचं काय होतं, ते मला आता कळलं म्हणा, पण म्हणून काय माझ्या धंद्याचं वाटोळं करायचं?

म्हणून परवा तुक्या दुकानावरून जाताना दिसला तसा मी त्याला आत ओढला. पाऊस कोसळत होता, गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर बसवला आणि म्हटलं, तुझा आवाज आला की पहिलं काम काय करायचं, तर माईकवर सांगायचं की अंबू मावशीच्या कॉलरमध्ये काही खोट नव्हती. साडेचौदा म्हणजे साडेचौदा. त्याला बोलायला बंदी, म्हटलं आज तरी मी जिंकणार, समोरचा मुकाच आहे.

तो उठला. छत्री टेकवून ठेवली आणि कोपऱ्यातल्या खुंटीवरून तोच जांभळा शर्ट काढला. तुटलं बटण लावायला पुन्हा माझ्याकडेच पडला होता. माझ्या गळ्यातला टेप माझ्याच गळ्यातून काढून घेतला, कॉलर बटणाच्या जागेपासून काजापर्यंत सरळ धरली आणि टेप लावून माझ्या चष्म्यासमोर आणली.

चौदा.

मी म्हटलं, धुण्यात आटला असेल. त्याने कापड दोन बोटांत चोळून दाखवलं. नायलॉनच ते, ते कसलं आटतंय. मी म्हटलं, मग तुझी मान जाड झाली असेल. त्याने टेप स्वतःच्या मानेला लावला. मान आधीपेक्षा बारीक झालीय मेल्याची. मी आणखी काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात त्याने कॉलर उलटी केली आणि सोनेरी पट्टी आतून नखाने वर उचलली. माझ्याच हातची दुमड. दोन्ही टोकांना आत घेतलेली, अर्धा इंच खाऊन बसलेली.

त्याने शर्ट माझ्या मांडीवर ठेवला, वर कात्री ठेवली, आणि स्टुलावर बसून हाताची घडी घातली. त्या दोन मुंग्या हळूहळू वर सरकत होत्या.

मी चष्मा पुसला आणि गुपचूप कॉलर उसवायला घेतली.